काळी पुडी घेणारी माणसं

पिरंगुटच्या बाजारपेठेत शाकिर मुलाणीचं औषधांचं दुकान सुरू होऊन बावीस वर्षं झाली होती, आणि या बावीस वर्षांत भातलावणीच्या महिन्यात दुखण्याच्या गोळ्या कधी उरल्या नव्हत्या. जुलै लागला की तो नेहमीच्या तिप्पट माल मागवायचा. दिवसभर चिखलात वाकून लावणी केलेली माणसं संध्याकाळी गुडघे धरत दुकानाची पायरी चढायची, "दोन लाल, दोन पांढऱ्या" म्हणायची, आणि शाकिर कात्रीनं पट्टी कापून द्यायचा. चिठ्ठी कोणी आणायचं नाही आणि तोही कधी मागायचा नाही. त्या वर्षी मात्र ऑगस्ट निम्मा सरला तरी दोन खोकी फोडलीसुद्धा नव्हती.

आधी त्याला वाटलं, रस्त्यापलीकडं नवं दुकान निघालंय, गिऱ्हाईक तिकडं वळलं असेल. पण माणसं तीच येत होती. फक्त मागत होती वेगळंच. मुठ्याहून दोघी आल्या, उरवड्याहून एक म्हातारा आला, आणि तिघांच्याही हातात साखरेच्या गोळ्यांची नवीकोरी चिठ्ठी. पुढच्या आठवड्यात आणखी चौघं. ही सगळी मुठा खोऱ्यातली, उभा जन्म काम करून काटक झालेली माणसं. यांना एकदम साखर कुठून झाली?

त्याची मुलगी मेहविश पुण्यात संख्याशास्त्रात एम.एस्सी. करत होती. ती शनिवारी घरी आली तेव्हा शाकिरनं तिला हे सांगितलं. त्याला वाटलं होतं, पोरगी वडिलांच्या नजरेचं कौतुक करेल.

"अब्बा, तुमचं दुकान म्हणजे खोरं नाही," ती भाकरी मोडत म्हणाली. "तुमच्याकडं आजारीच येतात. जो धडधाकट आहे तो तुम्हाला दिसतच नाही. नुसत्या आजाऱ्यांकडं बघून आजाराचं कारण कसं कळणार?"

"मग कोणाकडं बघायचं?"

"दोघांकडं. आणि दोघांना तेच प्रश्न विचारायचे."

शाकिर हसला आणि विषय तिथंच राहिला. राहिला म्हणजे चार दिवस. पाचव्या दिवशी त्याच्या आईच्या पायाच्या बोटाला झालेली जखम भरेना म्हणून त्यानं तिची साखर तपासली. तीनशे बारा.

बद्रुन्निसा सत्तरीची होती. दोन वर्षांपूर्वी ती भिंत धरून चालायची. नमाजाला खुर्चीवर बसायची. आणि गेल्या वर्षभरात ती पुन्हा जिना चढू लागली होती, स्वतः गिरणीत दळण घेऊन जात होती. चेहरा भरला होता, गाल गोल झाले होते. शेजारणी म्हणायच्या, "बद्रुन्निसाबी, तुमी तर तरण्या झाला." शाकिरला वाटायचं, आपल्याकडची कॅल्शियमची गोळी लागू पडली. आता त्यानं तिचा हात हातात घेतला तेव्हा मनगटाच्या वर जांभळे डाग दिसले, आणि कातडी कांद्याच्या सालीसारखी पातळ.

"अम्मा, माझ्याकडच्या गोळ्यांशिवाय दुसरं काय घेता?"

तांदळाच्या डब्यात हात घालून तिनं प्लास्टिकची पिशवी काढली. आत कागदाच्या पुड्या होत्या, बोटभर लांबीच्या, आणि पुडीत काळपट भुकटी.

"हैबतराव देतो मुठ्याचा. जडीबुटी हाय. रोज एक पुडी कोमट पाण्यात. तुला सांगितलं न्हाई, तू वरडशील म्हणून." मग तिचाच आवाज चढला. "तुझ्या दुकानात हजार गोळ्या हायेत. एकीनं तरी मला उठवलं का? या पुडीनं उठवलं."

शाकिर औषधं ओळखून होता. वर्षानुवर्षाचा गुडघा आठवड्यात बरा होतो, चेहरा चंद्रासारखा गोल होतो, साखर वाढते आणि कातडी विरते, हे कोणत्या जडीबुटीचं काम नव्हतं. भुकटीत कोणीतरी स्टेरॉइड मिसळलेलं असणार. त्याला असा राग आला की त्यानं दोन पुड्या खिशात टाकल्या आणि बाकीच्या सगळ्या मोरीत ओतून पाणी सोडलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या बायकोनं, रेश्मानं, दुकानात फोन केला. अम्मा न्हाणीत बसल्या जागी कलंडल्या होत्या. उलट्या होत होत्या, अंग गार पडलं होतं, शुद्ध जेमतेम. शाकिरनं त्यांना रिक्षात घालून सरळ सरकारी आरोग्य केंद्रात नेलं. तिथं डॉक्टर जुईली शेडगे होत्या, दीड वर्षापूर्वीच बदलून आलेल्या. त्यांनी रक्तदाब घेतला आणि शाकिरकडं वळून विचारलं,

"यांनी बंद काय केलं?"

शाकिर 'यांनी काय खाल्लं' या प्रश्नाच्या तयारीत होता. त्यानं खिशातली पुडी काढून पुढं केली. "मीच बंद केलं. परवा फेकून दिलं."

जुईलीबाईंनी नर्सला सलाइन आणि एक इंजेक्शन सांगितलं, रुग्णवाहिका बोलावली आणि मगच बोलल्या. "शाकिरभाई, आपल्या अंगात हेच द्रव्य थोडं थोडं तयार होत असतं. बाहेरून वर्षभर मिळत राहिलं की शरीर ते करायचं सोडून देतं. तुम्ही एका दिवसात बाहेरचं तोडलंत. आतलं अजून झोपेत आहे."

बावधनच्या दवाखान्यात बद्रुन्निसा सहा दिवस होती. वाचली. शाकिर रोज तिच्या उशाशी बसायचा. उभा जन्म औषधांत काढलेल्या माणसानं आपल्याच आईला रागाच्या भरात मरणाच्या दारात नेलं होतं. चौथ्या दिवशी तीच म्हणाली, "गप का बसलास? पुडी वाईट व्हती, कळलं मला. पण शाकिर, पुडी नव्हती तवा माझे गुडघे कोण बघत व्हतं?"



जुईलीबाईंनी उरलेली पुडी औषध प्रशासनाकडं तपासणीला पाठवली. अहवाल यायला वेळ लागणार होता. तोवर गप्प राहणं शाकिरला जमेना. तो मोटरसायकल काढून मुठ्याला गेला.

हैबतराव खोऱ्यातला वजनदार माणूस. वीकेंडच्या बंगल्यांसाठी थोडी जमीन विकली, उरलेल्या जमिनीत इंद्रायणी भात लावत होता. पैशाची ददात नव्हती. अडल्यानडल्याला मदत करायचा. स्वतःचे गुडघे गेले होते तेव्हा परजिल्ह्यातल्या एका पाहुण्यानं त्याला ही पुडी दिली आणि तो पंधरा दिवसांत नांगरामागं चालू लागला. तेव्हापासून तो खोकंच मागवायचा आणि पडेल त्या भावात लोकांना द्यायचा. वर एक रुपया घ्यायचा नाही.

त्यानं शाकिरला ओट्यावर बसवलं, चहा मागवला आणि सगळं ऐकून घेतलं.

"तुजी अम्मा आजारी पडली, वाईट वाटलं," तो म्हणाला. "पर मला एक सांग. माज्या पुडीनं तुज्या गोळ्यांचा धंदा बसला का न्हाई?"

"बसला, आबा."

"मग तू हितं कशापायी आलास, ह्ये मी काय समजायचं? मी पुडीवर काय कमवत न्हाई. तू गोळीवर कमवतोस. आन तुजी गोळी तरी कुटं डॉक्टरला इचारून देतोस? वीस वर्सं कात्रीनं कापून देतोयस. कुनाची किडनी गेली का, कधी इचारलंस?"

ओट्यावर आणखी दोघंतिघं बसले होते. कोणी हसलं नाही, पण शाकिरनं चहाचा कप खाली ठेवला. वाईट याचं वाटत होतं की म्हातारा खोटं बोलत नव्हता.

त्या रविवारी त्यानं मेहविशला सगळं सांगितलं, आबांचे शब्दसुद्धा. तिनं वही ओढली.

"ते बरोबर बोलले. तुमचं हित गुंतलंय. म्हणून प्रश्न तुम्ही विचारायचे नाहीत."

"मग कोण विचारणार?"

"ज्यांच्याशी लोक खरं बोलतात ते."

खोऱ्यातली आशा कार्यकर्ती होती आशालता. नाव आशालता आणि काम आशाचं, म्हणून सगळे तिला डबल आशा म्हणायचे. पन्नाशीची, चप्पल झिजवत वाडीवाडीला फिरणारी. कोणाच्या सुनेला कितवा महिना हे तिला तोंडपाठ. जुईलीबाईंनी तिला बोलावलं, आणि आरोग्य केंद्राच्या बाकावर चौघांची बैठक झाली.

मेहविशची रीत सोपी होती. गेल्या दीड वर्षात ज्यांना नव्यानं साखर निघाली अशी चाळीस माणसं केंद्राच्या नोंदीतून काढायची. मग प्रत्येकामागं त्याच वाडीतली, त्याच वयाची, पण तपासून साखर नसलेली दोन माणसं घ्यायची. म्हणजे ऐंशी. सगळ्यांना तेच वीस प्रश्न. चहात साखर किती, भात किती, घरात कोणाला साखर आहे का, वजन किती, गुडघे दुखतात का. पुडीचा प्रश्न चौदावा.

"सरळ पुडीचंच इचारू की," आशालता म्हणाली. "एवडं फिरवून कशाला?"

"ताई, पुडीचंच विचारलं तर साखरवाला विचार करेल, हिच्यामुळंच झालं असणार, आणि आठवून आठवून सांगेल. ज्याला साखर नाही तो म्हणेल, कधीतरी घेतली असेल. मग आपलं उत्तर आपणच त्यांच्या तोंडात घातल्यासारखं होईल."

आशालतानं मान डोलावली. "म्हंजे भांडण सोडवताना दोनी घरी सारकंच बसायचं. कळलं."

पाच आठवडे लागले. भात पोटरीत आला, लोंब्या धरल्या, कापणीला सुरुवात झाली तरी आशालता फिरतच होती. काही जणी शेतातच उत्तरं द्यायच्या. शाकिर दुकानात बसून राहायचा आणि रोज संध्याकाळी तिला विचारायचं टाळायचा. मेहविशनं तशी ताकीदच दिली होती.

दिवाळीच्या सुट्टीत मेहविशनं घरच्या टेबलावर कागद मांडला. साखर असलेल्या चाळिसांतले बावीस पुडी घेणारे निघाले. साखर नसलेल्या ऐंशींतले चौदा. शाकिर उठून उभा राहिला. शंभराच्या हिशोबात पंचावन्न विरुद्ध साडेसतरा. याहून काय पाहिजे?

"बसा," मेहविश म्हणाली. "पुडी कोण घेतं? ज्याचे गुडघे दुखतात तो. गुडघे कोणाचे दुखतात? पुष्कळदा वजनदार माणसाचे. आणि साखर कोणाला होते? त्यालाच. म्हणजे पुडीचा काही दोष नसतानाही हेच आकडे येऊ शकतात."

"मग सगळं फुकट?"

"नाही. आता फक्त गुडघे दुखणारी माणसं घ्यायची. दोन्हीकडची." तिनं दुसरा कागद काढला. "साखर असलेल्यांत अशी तीस, त्यातली बावीस पुडीवाली. साखर नसलेल्यांत चव्वेचाळीस, त्यातली चौदा. फरक तसाच राहतो, अब्बा. वजन धरून पाहिलं तरी राहतो. पुडी घेतली की प्रत्येकाला साखर होतेच असं नाही. हे चौदा जण घेतात आणि त्यांना नाही झाली. पण पुडीचा संबंध नाही असं म्हणायला आता जागा उरत नाही."

शाकिरनं तो कागद जवळ ओढला. बावीसमध्ये एक त्याची आई होती. आकड्यात ती कुठली हे ओळखता येत नव्हतं, आणि त्याला ते बरं वाटलं.

त्याच आठवड्यात प्रयोगशाळेचा अहवाल आला. भुकटीत स्टेरॉइड होतं, तेही भरपूर. औषध प्रशासनाचे लोक माल पुरवणाऱ्याच्या मागावर निघणार होते. जुईलीबाईंनी शाकिरला फोन केला. आवाजात आनंद नव्हता.

"माल बंद झाला की खोऱ्यातल्या प्रत्येक घरात तुमच्या अम्मांचंच होणार. आपण विचारलेल्यांत छत्तीस जण सापडले. बाकीचे किती आहेत, कुठं आहेत, मला माहीत नाही. ते फक्त एका माणसाला माहीत आहे."

शाकिर, मेहविश आणि आशालता दुसऱ्या दिवशी दुपारी मुठ्याला गेले. हैबतराव ओट्यावर एकटाच होता. चेहरा आधीपेक्षा सुजलेला, आणि उठताना त्यानं खांब धरला. शाकिर त्याच्यासमोर बसला.

"आबा, मागं तुम्ही म्हणालात ते खरं होतं. वीस वर्षं मी न विचारता गोळ्या दिल्या. महिना झाला, ते बंद केलंय. पण आज मी काही बोलणार नाही. ही पोरगी सांगेल."

मेहविशनं सांगितलं. घाई केली नाही. चाळीस कोण, ऐंशी कोण, दोघांना तेच प्रश्न का, गुडघेवाले वेगळे का काढले. हैबतरावानं मध्येच अडवून विचारलं, "आन बिनसाखरवाली मानसं तू कशी निवडली? मनाची का?" तिनं तेही सांगितलं. आशालता म्हणाली, "आबा, मी सोता फिरले. कुनाच्या तोंडात शब्द घातला न्हाई. तुमच्या थोरल्या सुनंला बी इचारलंय."

म्हाताऱ्यानं अंगणात वाळत घातलेल्या भाताकडं पाहिलं. मग त्यानं सदऱ्याची बाही वर केली. मनगटापासून कोपरापर्यंत जांभळे डाग होते.

"मला वाटलं व्हतं वय झालं," तो म्हणाला. "मीच दिली की सगळ्यांला. चांगलं म्हनून दिली."

"चांगलं म्हणूनच दिलीत," शाकिर म्हणाला. "मीपण फेकली ती चांगलं म्हणूनच. अम्मा मरता मरता वाचली. आता सांगा, आबा, एकूण किती जण?"

हैबतरावानं मोबाइल काढला. त्याचा एक व्हॉट्सअॅप गट होता, पुडी आली की त्यावर निरोप जायचा. त्यात सत्त्याऐंशी जण होते. त्यानं मोबाइल शाकिरच्या हातात न देता तोंडाजवळ धरला, बोलायचं बटण दाबलं आणि रेकॉर्ड केलं:

"मी हैबतराव बोलतोय. पुडीत खोट निघाली. मी बी खाल्ली, मला बी कळलं न्हाई. आता नवी पुडी मिळणार न्हाई. पर कुनी आज एकदम बंद करू नका, त्यानं जीव जाईल. सोमवारी केंद्रावर या, डाक्टरीनबाई हळूहळू सोडवतील. मी पयला जानार हाय. ज्याला लाज वाटती त्यानं माज्याकडं बगावं."

सोमवारी केंद्रासमोर रांग लागली. जुईलीबाईंनी प्रत्येकाची साखर, रक्तदाब, वजन घेतलं आणि भुकटीऐवजी मोजून मापून गोळी दिली, दर पंधरवड्याला कमी कमी होत जाणारी. शाकिर औषध वाटायला बसला होता. तेच स्टेरॉइड, तेच काम, फक्त आता किती आणि किती दिवस हे माहीत असलेलं. रांगेतल्या एका म्हातारीनं विचारलं, "म्हंजे इखच देतायसा की परत." शाकिर म्हणाला, "मावशी, आता ते मोजलेलं आहे." तिला ते पटलं की नाही कळलं नाही, पण गोळी तिनं पदराच्या गाठीत बांधली.

सगळं सुरळीत झालं असं नाही. गुडघे पुन्हा दुखू लागले आणि लोकांनी जुईलीबाईंनाही बोल लावले. उरवड्याच्या एका बाईचं खुब्याचं हाड मोडलं, हाडं आधीच ठिसूळ झाली होती. दोघंजण मधूनच गोळी सोडून चक्कर येऊन पडले, पण आशालता वेळेत पोचली. जुईलीबाईंनी आठवड्यातून एकदा व्यायाम शिकवणारी मुलगी केंद्रावर आणायची सोय केली. पहिल्या वेळी चार बायका आल्या, तिसऱ्या वेळी एकवीस. बद्रुन्निसा त्यात पुढं बसायची आणि पाय वर करताना सगळ्यांच्या आधी दहा मोजून मोकळी व्हायची.

मार्चमध्ये मेहविशनं पुन्हा आकडे लावले. सत्त्याऐंशींतली शहाऐंशी माणसं आली होती. त्यातल्या सत्तर जणांची स्टेरॉइडची गोळी पूर्ण सुटली होती. ज्यांना साखर निघाली होती त्यांतल्या निम्म्याहून अधिक लोकांची साखर गोळीशिवाय ताब्यात होती. बद्रुन्निसाची मात्र नव्हती. तिला साखरेची गोळी चालूच ठेवावी लागणार होती.

"शहाऐंशी म्हणजे फार झाले," शाकिर म्हणाला.

"सत्त्याऐंशीवा कोण?" मेहविशनं विचारलं.

तो दादासाहेब नावाचा म्हातारा होता, टेमघरच्या बाजूला एकटा राहणारा. आशालता दोनदा जाऊन आली होती. त्यानं दार उघडलं नव्हतं. पुड्यांचा साठा करून ठेवलाय, तो संपला की संपलं, असं आतूनच म्हणाला होता.

रविवारी सकाळी शाकिरनं मोटरसायकल काढली. मुठ्याला हैबतराव रस्त्यावरच उभा होता, गोळीचा डबा पिशवीत घेऊन. तो काठी सावरत मागं बसला.

"त्यो माझं ऐकंल का न्हाई, ठावं न्हाई," तो म्हणाला.

"नाही ऐकलं तर?"

"तर पुढच्या रईवारी परत."

घाटाच्या वळणावर गाडी हळू झाली. दादासाहेबांचं कौलारू घर दिसलं. अंगणात चूल पेटलेली होती आणि दारात म्हातारा उभा होता, कपाळावर आडवा हात धरून कोण येतंय ते बघत. हैबतराव खाली उतरला, शाकिरच्या खांद्याचा आधार घेतला, आणि लांबूनच ओरडला, "दादासायेब, च्या टाक. तिघांचा."

दारातला माणूस आत वळला, आणि दार त्यानं उघडंच ठेवलं.